झांझिबारची लाल कोलोबस माकडं लाकडी कोळसा का खातात? भूक भागत नाही म्हणून का?

भुकेपोटी नाही, पानांतली त्रासदायक द्रव्यं पोटात बांधून ठेवायला खातात. ही माकडं फक्त झांझिबारमध्ये, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाच्या बेटांवर आढळतात. जोझानी जंगलालगतच्या बागांत वावरणारे कळप आंब्याची आणि बदामाची पानं ओरबाडतात. (बदाम म्हणजे आपल्याकडे शाळेच्या आवारात असतो तोच, मोठ्या पानांचा.) या पानांत प्रथिनं भरपूर, पण फिनॉल गटातली द्रव्यंही भरपूर, आणि ती पचनात अडथळा आणतात. कोलोबसच्या कप्प्याकप्प्यांच्या जठरात जिवाणू पानं आंबवतात, तिथेच घोळ होतो. कोळशाच्या बारीक छिद्रांत ही द्रव्यं चिकटून बसतात. विषबाधेत दवाखान्यात कोळशाची पूड पाजतात, त्यातलंच हे तत्त्व. कूनी आणि स्ट्रुहसेकर या संशोधकांनी १९९७ मध्ये माकडं खातात तो कोळसा याच पानांच्या अर्कात घालून तपासला. भट्टीतला साधा कोळसाही ही द्रव्यं चांगली धरून ठेवतो, असं आढळलं.

कोळसा मिळतो तो असा:
– भट्टीच्या जागी उरलेले तुकडे
– जळके खुंट. यांना तर थेट दातच लावतात
– स्वयंपाकाच्या चुलीजवळचे निखारे, विझल्यावर

मात्र ही सवय सगळ्या कोलोबसांची समजू नका. ती बागांतल्या कळपांत ठळक दिसते, कारण आंबा-बदाम तिथेच आहेत. पिल्लं बहुधा आईचं बघून शिकतात.