‘लुक फॉरवर्ड टु’नंतर ‘मीट’ का नाही, ‘मीटिंग’च का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘टु’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते असे शाळेत शिकवले, मग ‘आय लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’ या वाक्यात ‘मीटिंग’ कसे चालते? शिवाय ‘इंटरेस्टेड’, ‘अफ्रेड’, ‘एबल’ अशा विशेषणांपुढे कधी ‘टु’, कधी ‘ऑफ’, तर कधी ‘इन’ येते, त्याला काही धरबंध आहे की सगळे पाठच करायचे? आपण आपल्या पत्रातले ‘वी आर कमिटेड टु प्रोव्हाइड गुड सर्व्हिस’ हे वाक्यही दिले आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

शाळेतला नियम चुकीचा नाही, पण अर्धा आहे. इंग्रजीत ‘टु’ हा शब्द दिसायला एकच असला तरी तो कामे दोन करतो. ‘आय वाँट टु गो’ यातला ‘टु’ क्रियापदाचा इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टु’सह येणारे मूळ रूप, बनवतो; ‘आय वेंट टु नाशिक’ यातला ‘टु’ मात्र ‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’ यांच्या पंक्तीतले साधे प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशनला पुढे नाम हवे असते. हा फरक मला उशिरा कळला. नोकरीसाठीच्या पहिल्याच अर्जाच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात ‘लुक फॉरवर्ड टु मीट यू’ असे लिहिले होते. मुलाखतीच्या वेळी तो कागद समोरच्यांच्या हाताखाली होता, आणि ‘मीट’भोवती पेन्सिलीने काढलेले वर्तुळ मला पलीकडून, अक्षरे उलटी असूनही, स्वच्छ दिसत होते. त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून ते जास्तच लागले. पुढे भाषांतर हाच माझा व्यवसाय झाला आणि हे वर्तुळ मी स्वतः इतरांच्या मसुद्यांवर कितीदा काढले, त्याची मोजदाद नाही.

दोन ‘टु’ ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे क्रियापद काढून त्या जागी एखादे नाम ठेवून पाहणे. ‘आय लुक फॉरवर्ड टु दिवाळी’ हे वाक्य नीट उभे राहते. ‘आय वाँट टु दिवाळी’ हे कोसळते. जिथे नाम बसते तिथला ‘टु’ प्रिपोझिशन असतो, आणि तिथे क्रियापद आणायचे असेल तर त्याला ‘-इंग’ लावून, म्हणजे जेरंड करून आणावे लागते. ‘ऑब्जेक्ट टु’, ‘ॲडिक्टेड टु’, ‘इन ॲडिशन टु’, सरकारी पत्रांचे लाडके ‘विथ अ व्ह्यू टु’, ही सगळी याच घरातली मंडळी. ‘ॲग्री’सारखा एखादा शब्द मात्र या कसोटीलाही चकवतो: ‘ॲग्रीड टु द प्लॅन’ही होते आणि ‘ॲग्रीड टु गो’ही.

सर्वांत जास्त घोटाळा ‘यूज्ड टु’ करते. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन मुंबई’ म्हणजे मी पूर्वी मुंबईत राहत असे, आता राहत नाही. ‘आय ॲम यूज्ड टु लिव्हिंग इन मुंबई’ म्हणजे मुंबईत राहण्याची मला सवय आहे. पहिल्या वाक्यात ‘टु’पुढे नाम बसत नाही, दुसऱ्यात ‘आय ॲम यूज्ड टु मुंबई’ असे सहज बसते.

प्रिपोझिशननंतर क्रियापद नाम होऊन येते, यात मराठी माणसाला खरे तर काहीच परके वाटायला नको. आपण ‘पोहण्यात पटाईत’ म्हणतो, तेव्हा ‘पोहणे’ या धातुसाधित नामाचे ‘पोहण्या’ असे सामान्यरूप करून मग त्याला ‘त’ जोडतो. ‘पोहतो’ला ‘त’ लावून ‘पोहतोत पटाईत’ असे तीन वर्षांचे पोरही म्हणणार नाही. ‘गुड ॲट स्विमिंग’ ही त्याच न्यायाची इंग्रजी आवृत्ती आहे. तिथे शब्द अलीकडे आहे आणि आपला प्रत्यय पलीकडे, एवढेच. गंमत अशी की 1066 च्या नॉर्मन स्वारीपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हचा ‘टु’देखील मूळचे प्रिपोझिशनच होते, आणि त्यापुढच्या क्रियापदाला चतुर्थीसारखा प्रत्यय लागून ‘टो सिंगेन्ने’ असे रूप होत असे, जवळपास आपल्या ‘गाण्यास’सारखे. पुढे प्रत्यय झिजून गेले, ‘टु’ तेवढा राहिला आणि त्याचे प्रिपोझिशनपण विसरले गेले. आजचा गोंधळ त्या विस्मरणातून आलेला आहे.

म्हणून मी नवशिक्यांना नियम सांगण्याआधी मराठी वाक्य करून त्याचे शेपूट पाहायला सांगतो. ‘मदत केल्याबद्दल आभार’ म्हणजे ‘थँक यू फॉर हेल्पिंग’. ‘कोणाला न सांगता गेला’ म्हणजे ‘ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन’. ‘जाण्याऐवजी’ म्हणजे ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, आणि ‘बटण दाबून’ यातल्या ‘ऊन’ला साधन या अर्थी ‘बाय प्रेसिंग’. मात्र ‘-ण्यासाठी’ इथे दगा देते, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीतली मला सर्वाधिक भेटणारी चूक इथलीच आहे. ‘मी भाजी घेण्यासाठी मंडईत गेलो’ याचे ‘फॉर बाइंग व्हेजिटेबल्स’ असे भाषांतर हातून सहज होते, कारण ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’ हे डोक्यात पक्के बसलेले असते. परंतु कोणी एखादी कृती कशासाठी केली हे सांगताना इंग्रजीला इन्फिनिटिव्ह लागतो: ‘आय वेंट टु द मार्केट टु बाय व्हेजिटेबल्स’. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर ‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’ योग्य ठरते, आणि कारण सांगायचे असेल तर ‘फाइन्ड फॉर पार्किंग हिअर’. पण या दुसऱ्या ठिकाणी मराठीतही ‘साठी’ नसून ‘गाडी लावल्याबद्दल दंड’ असेच असते, हे लक्षात घ्यावे.

विशेषणांच्या बाबतीत मराठीचा आधार कमी पडतो. ‘माझ्यावर रागावला’ यातल्या ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन मी’ येते, तिथे ‘अँग्री विथ मी’ हवे. ‘इंग्रजीत हुशार’मुळे ‘गुड इन’ येते, तिथे ‘गुड ॲट’ अधिक रूढ आहे. ‘एबल’ आणि ‘केपेबल’ या दोघांनाही आपण समर्थ म्हणतो, पण एकाला ‘एबल टु डू’ आणि दुसऱ्याला ‘केपेबल ऑफ डुइंग’ असे का, याला पटेल असे उत्तर मी अजून कोणाकडून ऐकलेले नाही. तिथे घोकंपट्टीच.

पण एकाच विशेषणापुढे दोन्ही रचना येतात तिथे मजा आहे, कारण तिथे अर्थ बदलतो. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ म्हणजे आपण जिंकणार अशी त्याची खात्री आहे. ‘ही इज शुअर टु विन’ म्हणजे तो नक्की जिंकणार, अशी बोलणाऱ्याची खात्री आहे. तो स्वतः बिचारा हरण्याच्या धास्तीने रात्रभर जागाही असेल. विहिरीच्या काठावर उभा असलेला मुलगा ‘अफ्रेड टु जंप’ असतो, म्हणजे उडी मारायला धजत नाही. पण पायरीवर शेवाळ असेल तर तो ‘अफ्रेड ऑफ स्लिपिंग’ असतो. त्याला ‘अफ्रेड टु स्लिप’ म्हणता येत नाही, कारण घसरणे ही ठरवून करायची गोष्ट नव्हे. ‘इंटरेस्टेड’चे असे आहे की शिकण्यात किंवा सहभागी होण्यात रस असेल तर ‘इन लर्निंग’, ‘इन जॉइनिंग’. ‘इंटरेस्टेड टु’ हे बहुतेक ‘हिअर’, ‘नो’, ‘सी’ अशा, काही कळण्याच्या क्रियापदांसोबत येते. आपल्याकडच्या अर्जांतले ‘इंटरेस्टेड टु जॉइन’ म्हणूनच कानाला खटकते.

विशेषण, प्रिपोझिशन आणि इन्फिनिटिव्ह हे तिन्ही एकाच वाक्यात येतात ती जागा मला विशेष आवडते. ‘इट वॉज फूलिश ऑफ हिम टु गो’ आणि ‘इट वॉज डिफिकल्ट फॉर हिम टु गो’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. जाण्यात मूर्खपणा होता आणि तो माणूसही मूर्ख ठरला, म्हणून ‘ऑफ’. जाणे कठीण होते, पण तो माणूस कठीण नव्हता, म्हणून ‘फॉर’. मराठीत आपण हाच भेद षष्ठीने दाखवतो: ‘तो गेला हा त्याचा मूर्खपणा’, पण ‘त्याला जाणे कठीण होते’. ‘त्याचा’ तिथे ‘ऑफ’, ‘त्याला’ तिथे ‘फॉर’. ही जोडी मला एका भाषांतराच्या मध्येच, मराठी वाक्य जुळवताना सुचली आणि त्यानंतर त्या ठिकाणी अडखळल्याचे आठवत नाही.

अपवाद दोनच सांगतो. ‘अबाउट’ हे प्रिपोझिशन असले तरी ‘निघण्याच्या बेतात’ या अर्थी ‘अबाउट टु लीव्ह’ असेच येते. आणि ‘शी डिड नथिंग बट क्राय’ यात ‘बट’पुढे ‘-इंग’ही नाही आणि ‘टु’ही नाही, मात्र ‘नो चॉइस बट टु वेट’ यात ‘टु’ परत येतो.

आता आपले पत्र. ‘वी आर कमिटेड टु क्वालिटी’ हे वाक्य उभे राहते, म्हणजे हा ‘टु’ प्रिपोझिशन आहे. तेव्हा ‘कमिटेड टु प्रोव्हायडिंग गुड सर्व्हिस’ असे करावे. ‘टु प्रोव्हाइड’ छापील मजकुरातही अधूनमधून दिसते, त्यामुळे पत्र आधीच गेले असेल तर परत मागवण्याची गरज नाही. पुढच्या खेपेला तेवढा शब्द बदलावा.