माहितीपर संकेतस्थळालाही एचटीटीपीएस हवे काय?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर केवळ वेळा, ग्रंथांची यादी आणि व्याख्यानांची माहिती असते, तेथे पासवर्ड वा पैसे घेतले जात नाहीत. तरीही एचटीटीपीएस जोडणी आवश्यक आहे काय?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होय, निश्चितच. एचटीटीपीएस म्हणजे संकेतस्थळ आणि वाचकाचा ब्राउझर यांच्यातील मजकूर सांकेतिक रूपात नेणारी सुरक्षित जोडणी. ही जोडणी केवळ गुपित झाकण्यासाठी नसून, तुम्ही पाठवलेला मजकूर जसाच्या तसा वाचकापर्यंत पोहोचावा यासाठीही असते. साध्या एचटीटीपीवर पान उघड्या पोस्टकार्डासारखे प्रवास करते. त्यामुळे बसस्थानकावरील मोफत वायफाय चालवणारा किंवा वाटेतील अन्य कोणी ते वाचू तर शकतोच, शिवाय त्यात जाहिरात, घातक प्रोग्राम किंवा देणगीसाठी खोटा क्यूआर कोडही घुसडू शकतो, आणि वाचकाला मात्र ते सारे तुमच्याच वाचनालयाने दिले आहे असे वाटते. मला हा धोका पासवर्डच्या चोरीइतकाच गंभीर वाटतो. शिवाय एखादी विद्यार्थिनी कोणत्या आजारावरचे पुस्तक शोधते, हे तिसऱ्याला कळण्याचे कारण नाही. एचटीटीपीएस असतानाही वाटेतल्याला स्थळाचे नाव बहुधा दिसते, परंतु उघडलेले पान दिसत नाही.

खर्चाची चिंता नको. या जोडणीसाठी स्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र लागते, आणि लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून अशी प्रमाणपत्रे मोफत देते. जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी स्थळांना ‘असुरक्षित’ म्हणतो, ते वेगळेच. मात्र सर्व्हरमध्येच, म्हणजे स्थळ जेथे ठेवलेले असते त्या संगणकातच, कोणी शिरले, तर ही जोडणी संरक्षण देत नाही. त्यासाठी स्थळाची प्रणाली अद्ययावत ठेवावी. तसेच प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करून घ्यावी.