ढिकाला : शेवटच्या दिवशी दुपारची फेरी धरून चालू नका

कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातल्या ढिकाला या वनविश्रामगृहाच्या मुक्कामात शेवटच्या दिवशीही दुपारची जंगलफेरी मिळेल, तेथेच जेवून चारच्या सुमारास निघता येईल आणि जंगलाबाहेरच्या रामनगर गावाहून रात्रीची दिल्लीची गाडी आरामात गाठता येईल, असे एजंटने सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे आणि यावर विसंबावे का, असे विचारले आहे. विसंबू नये. जवळजवळ याच शब्दांत हे आश्वासन आम्हालाही मिळाले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परवाना, मूळ ओळखपत्रे, नोंदणीकृत जिप्सी (उघडी जीप) हे सारे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रश्न फक्त बाहेर पडण्याच्या वेळेचा आहे. मुक्काम कितीही रात्रींचा असला, तरी शेवटच्या दिवशी जंगलातून बाहेर पडण्याचे धनगढी गेट ओलांडण्याची मुदत सकाळचीच होती. आमच्या वेळी ती अकराची होती. ढिकाला ते धनगढी हे अंतर 31 किलोमीटर आहे. रस्ता जंगलातला, गाडी हळूच चालवावी लागते, आणि उन्हाळ्यात रामगंगेच्या काठच्या गवताळ माळावर हत्तींचे कळप उतरतात. त्यातला एखादा वाटेत उभा राहिला, तर तो हलेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. म्हणजे नऊच्या आसपास सामानासह निघायलाच हवे. सकाळची फेरी मिळते, पण आखूड.

आमचा ड्रायव्हर जाणता होता. सामान पहाटेच बांधून ठेवा, असे तो आदल्या रात्रीच म्हणाला होता. परंतु एजंटच्या छापील कार्यक्रमात दुपारची फेरी स्पष्ट लिहिलेली होती, तिचे पैसेही घेतलेले होते, त्यामुळे हा माणूस दुपारची फेरी टाळायला पाहतो आहे, अशी शंका आमच्यापैकी काहींना आली. माळावरून परतल्यावर विश्रामगृहाच्या कर्मचाऱ्याने परवान्यावरील वेळेवर बोट ठेवले आणि मग जी धावपळ उडाली, तीत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा खिडकीच्या कठड्यावर राहून गेला. तो नसल्याचे धनगढीला कळले. परवाना संपलेला, त्यामुळे मागे फिरता येईना, आणि आतल्या कोणाला फोन करावा तर तिकडे रेंज नाही.

त्यानंतर रामनगरातील एका कार्यालयात जे घडले, त्याचा मला आजही संताप येतो. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने लेखी अर्ज मागितला आणि अर्ज लिहून दिल्यावर तो घेणारे साहेब जेवायला गेल्याचे समजले. कपाटाशेजारी वायरलेस संच सतत खरखरत होता. एका खोलीत औषधाचा डबा राहिला आहे, तो येणाऱ्या गाडीबरोबर पाठवा, एवढेच त्यावरून सांगण्याची विनंती आम्ही केली. “तशी पद्धत नाही” असे उत्तर मिळाले. शेवटी आमच्या ड्रायव्हरने आत निघालेल्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे निरोप दिला. डबा सापडला, परंतु तो बाहेर आला तेव्हा आम्ही दिल्लीच्याही पुढे गेलो होतो. गोळ्या रामनगरातच मिळाल्या, त्याही केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो बहिणीच्या फोनमध्ये होता म्हणून. तुमच्याबरोबर वडील येणार आहेत, तेव्हा असा फोटो काढून ठेवा आणि औषधे खोलीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा.

न झालेल्या फेरीचे पैसे एजंटने परत केले नाहीत. वनखात्याने ऐनवेळी नियम बदलला, असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात वेळ परवान्यावर आधीपासून छापलेली होती. परवाना आमच्या हाती त्याने प्रवेशाच्या दिवशीच दिला, ही यातली खरी मेख. म्हणून पैसे भरण्यापूर्वी परवान्याची प्रत मागवा आणि जिप्सीच्या भाड्यात शेवटचा दिवस कसा धरला आहे, हे लेखी घ्या. माझ्या मते अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः आरक्षण करणे केव्हाही बरे. अर्थात सगळेच एजंट असे असतात, असा माझा दावा नाही, आणि वेळा व नियम दर हंगामात बदलू शकतात, तेव्हा तुमच्या परवान्यावर जे लिहिले असेल, तेच अंतिम समजा.

उपाहारगृहाचा हिशेब आदल्या रात्रीच चुकता करा आणि रोख रक्कम जवळ ठेवा. उघड्या जिप्सीत बॅगा धुळीने माखतात, जुनी चादर उपयोगी पडते.

रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कसा घालवावा, हाही तुमचा प्रश्न आहे. धनगढीहून रामनगरला येताना कोसी नदीतील खडकावरचे गर्जिया देवीचे मंदिर वाटेतच लागते. पायऱ्या उभ्या आहेत, वडिलांना जमतील का ते पाहा. न जमल्यास रामनगरहून सुमारे तीस किलोमीटरवर काळाढुंगी आहे. तेथे जिम कॉर्बेट यांच्या हिवाळी घरात संग्रहालय आहे आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे. त्यासाठी टॅक्सी मात्र वेगळी ठरवा, कारण आमच्या जिप्सीचा करार रामनगरला सोडले की संपत होता आणि तुमचाही बहुधा तसाच असेल.