‘ग्रॅब’ नव्हे, गुराब!

प्रश्न : विजयदुर्गाच्या १७५६ च्या लढाईचे डॉमिनिक सेरेसने १७७१ मध्ये रंगवलेले चित्र पाहिले. खाली मराठीत ‘आंग्र्यांची ग्रॅब व गॅलिव्हॅट जातीची जहाजे’ अशी ओळ होती. ही कुठली जहाजे? झडप घालून माल पळवायची म्हणून ‘ग्रॅब’ का?

अहो, गुराब आणि गलबत! इंग्रजांना नीट म्हणता आले नाही म्हणून त्यांनी ‘ग्रॅब’, ‘गॅलिव्हॅट’ केले, आणि आमचे अनुवादक तेच उचलून देवनागरीत उतरवतात. माहेरी आलेल्या लेकीला दारातच नाव-गाव विचारण्याचा प्रकार. हिसकावण्याच्या इंग्रजी क्रियापदाशी याचा काडीचा संबंध नाही. त्या लढाईत तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली ती ‘रिस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून. ते मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचे, आंग्र्यांनी धरून आणलेले. ‘ग्रॅब’ म्हणायचेच तर त्याला म्हणा.

आता खरी गंमत. अरबीत ‘गुराब’ म्हणजे कावळा! कावळाच का, तर डांबर फासून काळी दिसते म्हणून, असे ठोकून दिले जाते. मला हे मुळीच पटत नाही. डांबर काय एकट्या गुराबेलाच फासत होते? त्या न्यायाने निम्मे बंदर कावळ्यांचे व्हायला हवे. माझ्या मते नाव रंगावरून नाही, चोचीवरून पडले. कंपनीच्या काळचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचे वर्णन पाहा. गुराबेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, इतर जहाजांसारखी नसे, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब पुढे आलेली असे. समोरच्या लाटेवर ती जोरात आपटायची, म्हणून त्या भागाला कठडाच ठेवत नसत. आलेले पाणी आपसूक वाहून जाई. नाळेच्या मागे ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा, मारा थेट या चोचीवरून. हे वाचून ज्याला डांबर आठवते त्याला काय म्हणावे?

शिवाय चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका ६० वल्ह्यांच्या जहाजाबद्दल लिहितो, की हे गुराबेसारखेच, फक्त जास्त रुंद. मोरोक्कोचा माणूस गुराब म्हणजे काय ते समजावत बसत नाही, कारण त्याच्या वाचकांना ती ठाऊक आहे. म्हणजे शब्द पोर्तुगीज इथे येण्याच्या कितीतरी आधीचा, आणि वल्ह्यांच्या जहाजाच्याच घराण्यातला.

काही विद्वान आणखी पुढे जाऊन ‘कॉर्व्हेट’ या लहान युद्धनौकेच्या नावालाही लॅटिनमधल्या कावळ्याशी जोडतात आणि गुराबेची बहीण ठरवतात. मोह मलाही झाला असता; पण कोशकार तो शब्द बहुधा टोपलीच्या डच शब्दावरून आला असे सांगतात. कावळे दिसतील तिथे गोळा करू नयेत.

हां, जहाजे कुठली ते राहिलेच. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० च्या आतली. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर, ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून शत्रूपर्यंत नेत. गलबताची व्युत्पत्ती? पोर्तुगीज ‘गालेओता’कडे (वल्ह्यांचे लहान जहाज) बोट दाखवतात. असेल.