वाचकांचे प्रश्न: डिमेन्शियाचं संशोधन गरीब देशांनी कशाला करायचं?

प्रश्न: नमस्कार ताई. मी सायकॉलॉजीत एम.ए. करतेय. डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, अमेरिका-युरोपात एवढा पैसा ओततायत, औषधं पण यायला लागली, मग नायजेरिया, पेरू, भारत अशा देशांनी स्वतःचा वेगळा खटाटोप कशाला करायचा? त्यांचं तयार झालं की आपण घ्यायचं. वर्गात यावरून जाम वाद झाला म्हणून विचारते.

उत्तर: अगं, औषध फार पुढची गोष्ट, इथे निदानावरच घोडं अडतं. नेहमीची टेस्ट बघ ना, आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, कागदावरचं वाक्य वाचून तसं करा, एक वाक्य लिहून दाखवा. जी बाई शाळेची पायरीच चढली नाही ती यात नापास होणार, डोकं अगदी ठणठणीत असलं तरी. आणि उलटही होतं बरं का, घरातले सगळं हातात आणून देत असले की म्हाताऱ्या माणसाला काय काय जमेनासं झालंय ते कुणाच्या लक्षातच येत नाही, विचारलं तर "वय झालं, चालायचंच" एवढंच उत्तर.

१९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये यावर फार सुंदर काम झालंय. वाक्य वाचायला देण्याऐवजी तपासणारा म्हणायचा, माझ्याकडे बघा आणि मी करतो तस्सं करा, आणि डोळे मिटायचा. लिहायला सांगण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. वेळेचं भान बघायला, आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? हे बाहेर बसून सुचत नाही, त्या लोकांसमोर जाऊन बसावंच लागतं.

नंतर १९९८ मध्ये '१०/६६' नावाचा गट उभा राहिला, डिमेन्शियाचे ६६ टक्के पेशंट विकसनशील देशांत आणि लोकसंख्येवर आधारित संशोधन मात्र तिथे १० टक्क्यांहून कमी, म्हणून ते नाव. क्युबा, मेक्सिको, पेरू, चीन, भारत अशा ठिकाणी त्यांनी शिक्षणाचा फरक पडणार नाही अशी पद्धत तयार केली, त्यात पेशंटबरोबर घरच्या माणसाशीही नीट बोलायचं असतं.

आणि फायदा फक्त गरीब देशांनाच होतो असंही नाही. नायजेरियातलं इबादान आणि अमेरिकेतलं इंडियानापोलिस अशी तुलना १९९२ पासून चालली होती, तर २००१ मध्ये आलेल्या निकालात इबादानच्या योरुबा लोकांत डिमेन्शियाच्या नव्या केसेस तिकडच्या आफ्रिकन-अमेरिकनांपेक्षा निम्म्याहूनही कमी निघाल्या! का, यावर अजून डोकं खाजवणं चालू आहे. कोलंबियात फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अँटिओकिया भागातली काही कुटुंबं वर्षानुवर्षं अभ्यासली, तिथे एका जीनमधल्या बिघाडामुळे चाळिशीतच विसर सुरू होतो. त्यातलीच एक बाई बिघाड असूनही सत्तरीपर्यंत बरी राहिली, बहुधा तिच्या दुसऱ्या एका जीनमध्ये दुर्मीळ बदल होता म्हणून. हे २०१९ ला छापून आल्यावर जगभरच्या लॅब त्याच्या मागे लागल्या. लोपेरांची टीम तिथे नसती तर ही बाई सापडली असती का, सांग.

प्रश्न: मी एका मोठ्या सर्व्हेत फील्डवर होतो. प्रोजेक्ट संपला, टॅब परत घेतले, डेटा बाहेर गेला, आम्ही घरी. याला कपॅसिटी बिल्डिंग (इथली माणसं आणि संस्था स्वतः संशोधन करू शकतील अशी तयार करणं) म्हणायचं का?

उत्तर: नाही म्हणायचं. याला कामाला माणसं लावणं म्हणतात. दुर्दैवाने रिपोर्टमध्ये "इतक्या जणांना ट्रेनिंग दिलं" असं तुमचीच संख्या घालून छापतात, पुढे त्या माणसांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. खरं म्हणजे दारात बसून आजोबांशी बोलता बोलता, हे ऐकू येत नसल्यामुळे चुकतायत की विसरल्यामुळे, हे ओळखायला वेळ लागतो, आणि ते कळायला लागलं की नेमकं ग्रँट संपतं. दोन ग्रँटच्या मधल्या काळात पगार कोण देणार हा प्रश्न सुटला तरी अर्धं काम झालं. उरलेलं म्हणजे आकडे देशातच बसून तपासतील अशी माणसं, जिला डिमेन्शियातली संमती कळते अशी एथिक्स कमिटी (सही पेशंटची की मुलाची, हे काही साधं नाही), आणि पेपरवर पहिलं नाव इथल्या माणसाचं.

मशीनचं मी मुद्दाम शेवटी काढते. मेंदूतला बिघाड दाखवणारा पेट स्कॅन महाग, म्हणून आता सगळ्यांचे डोळे अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा मुख्य प्रकार) रक्ताच्या टेस्टकडे, अमेरिकेत २०२५ मध्ये पहिलीला मंजुरी मिळाली. पण किडनीचा आजार असला की त्यातले काही आकडे तसेही वाढतात, मग जिथे असे पेशंट भरपूर आहेत तिथे कट-ऑफ, म्हणजे कुठल्या आकड्यापुढे आजार धरायचा ती रेषा, वेगळा लागेल का, हे तिथल्या लोकांवर तपासल्याशिवाय कळणार कसं?

प्रश्न: ताई, मला यात काम करायचंय पण परदेशात जायला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिक, ते फुकट आहे. मग लासी-डॅड या भारतातल्या डिमेन्शियाच्या मोठ्या सर्व्हेचा डेटा बघ, भारतातल्या साठीपुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे हा अंदाज त्यातूनच आला, आणि रजिस्टर केलं की तो डेटा वापरायला मिळतो. पुढेमागे जायचंच झालं तर ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूटची फेलोशिप आहे, सॅन फ्रान्सिस्को किंवा डब्लिनला. डॉक्टरच असायला पाहिजे असं तिथे काही नाही.