लो कार्ब की लो फॅट? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या बहिणीने लो कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, आहार सुरू केला आणि आठ दिवसांत तिचं अडीच किलो वजन उतरलं. मी लो फॅट, म्हणजे कमी स्निग्धांशाचा, आहार घेते. तेवढ्याच दिवसांत माझं जेमतेम अर्धा किलो कमी झालं. मीही बदल करू का?

उत्तर : निव्वळ या आकड्यांवरून नको. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा (कर्बोदकांच्या साठवलेल्या रूपाचा) साधारण 400 ते 500 ग्रॅम साठा ठेवतं आणि त्यातल्या दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. बहिणीच्या अडीच किलोंत मोठा वाटा पाण्याचाच असणार. दोन दिवस पूर्वीसारखं जेवण झालं की त्यातला किलोभर परत दिसेल. ती चरबी नसते, त्यामुळे तिनेही हबकून जाऊ नये. तुमचा आठवड्याला अर्धा किलोचा वेग उत्तम आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 प्रौढांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. लो फॅट गटाचं सरासरी 5.3 किलो, तर लो कार्ब गटाचं 6 किलो वजन उतरलं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, हे मात्र दोन्ही गटांना सांगितलं होतं. आमच्या मते खरं काम तिथेच झालं.

प्रश्न : मग निवड कशाच्या आधारावर करायची?

उत्तर : भुकेच्या आणि रक्त तपासणीच्या. आधी तीन दिवस नेहमीचंच जेवा, पण मोजून आणि लिहून. तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने घाला : 15 मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. जास्तीच्या कॅलरी तेल, लोणी, तळणीतून येत असतील तर लो फॅट सोपं जाईल. गोड पेयं, बिस्किटं, पाव यांतून येत असतील आणि जेवणानंतर दोन तासांत पुन्हा भूक लागत असेल, तर लो कार्ब करून पाहा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले असतील तर तेही लो कार्बच्या बाजूचं कारण. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जास्त असेल तर उलट सावधगिरी हवी, कारण लोणी-चीजवर भर दिलेल्या लो कार्ब आहारात काहींचं एलडीएल बरंच चढतं. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुन्हा करा.

चुका ठरलेल्या असतात. लो फॅटमध्ये लोक 'फॅट-फ्री' लिहिलेलं गोड दही आणतात, त्यात साखर भरलेली असते. काही जण स्निग्धांश जवळजवळ शून्यावर नेतात; मग पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि वजन झपाट्याने उतरत असताना पित्तखडे होण्याचा धोका वाढतो. लो कार्बमध्ये सुकामेवा मूठमूठ खाल्ला जातो, पण 30 ग्रॅम बदामांतही 170च्या आसपास कॅलरी असतात. तंतुमय पदार्थ घटल्याने बद्धकोष्ठ होतं. पाण्याबरोबर मीठही निघून जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पायांत गोळे येतात. रक्तदाबाची तक्रार नसेल तर खारवलेलं सूप पुरतं.

कोणताही मार्ग धरला तरी प्रथिनं कमी पडू देऊ नका. मूत्रपिंड निरोगी असेल तर वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.6 ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी करा. तुलना आठवड्याच्या सरासरीची करा. आठ आठवड्यांआधी निकाल लावू नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. लो कार्ब चालेल का?

उत्तर : चालू शकेल, पण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं घटवली की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते; मात्रा आधीच कमी करावी लागते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कडक लो कार्ब टाळाच. या गोळ्यांसोबत रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढू शकते, आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप जाणवली तर लगेच रुग्णालय गाठा, कोणती गोळी घेता ते सांगा आणि रक्तातले कीटोन तपासायला लावा.