मन सुटल्याचं कळणं

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘अभ्यासाला बसलं की दहा मिनिटांत मन कुठल्या कुठे जातं, माझ्यात एकाग्रताच नाही,’ असं तू लिहिलं आहेस. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा अजिबात नाही, आणि हे पत्र त्या दुसऱ्या भागासाठीच आहे.

मन सगळ्यांचंच जातं. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. २,२५० माणसांना त्यांनी दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, की आत्ता हातात जे काम आहे त्यातच मन आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं, नाही. त्याच्याही पुष्कळ आधी, १८९० साली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी लिहून ठेवलं होतं की ठरवून दिलेलं लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकतच नाही. आपण जिला सलग एकाग्रता म्हणतो, ती विषय पुन्हा पुन्हा मनात आणण्याच्या प्रयत्नांची मालिका असते. तासभर मान वर न करता वाचणारी तुझी मैत्रीणही त्या तासात अनेकदा बाहेर जाऊन येते. ती लवकर परतते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

म्हणजे कमवायची गोष्ट आहे ती परतणं. आणि परतायचं तर आधी कळायला हवं की आपण निघून गेलो होतो. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. गाणं शिकणाऱ्याचा आधी कान तयार होतो, मग गळा. सूर उतरलाय हे ज्याला ऐकूच येत नाही, तो तासन्‌तास गात राहिला तरी सूर सुधारत नाही. तुझं आत्ता तेच होतं आहे. मन गेल्यावर पंधरा मिनिटांनी, फोन हातात असताना तुला जाग येते. ती जाग पाच मिनिटांवर, मग मिनिटावर, मग दोन ओळींवर आणायची.

वेंडी हेसनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच मेंदूत पाहिलं. ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि मन भटकल्याचं ध्यानात येताच बटण दाबायला. मन भटकणं, ते कळणं, लक्ष वळवणं आणि टिकवणं या चारही टप्प्यांत मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागलेले दिसले. तेव्हा ‘कळणं’ ही स्वतंत्र क्रिया आहे, आणि तिचा सराव करता येतो.

तो असा कर. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. वेळ घड्याळाकडे पाहून ठरवू नकोस, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला जोडून टाक. तोंड धुतल्यावर म्हण किंवा संध्याकाळी घरी आल्यावर म्हण. कुठून सुरुवात करायची ते आदल्या रात्रीच लिहून ठेव, आणि नेमकं लिही. ‘गणित करायचं’ असं नको, ‘तिसऱ्या प्रकरणातलं पहिलं उदाहरण’ असं हवं. काय करावं हे ठरवण्यातच बहुतेकांची पहिली काही मिनिटं जातात. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवलेला चालणार नाही, कारण त्याला हात न लावण्यात जी शक्ती जाते ती तुला इथे हवी आहे. वेळ लावायला साधं घड्याळ घे.

बाजूला एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेव. मन बाहेर गेल्याचं कळलं, की कागदावर एक ठिपका दे आणि जिथे होतास किंवा होतीस त्या ओळीवर परत ये. स्वतःवर चिडायचं नाही. चिडणं हेही भटकणंच आहे, फक्त ते अभ्यासू दिसतं. एखादी गोष्ट खरोखरच महत्त्वाची आठवली, कुणाला निरोप द्यायचा राहिला वगैरे, तर ठिपक्याऐवजी एक शब्द लिही. कागदावर उतरलं की मन ते धरून बसत नाही.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतील. घाबरू नकोस. मन पूर्वीइतकंच जात असेल, पण आता तुला ते कळू लागलं आहे. ठिपके वाढणं ही माझ्या लेखी पहिली चांगली खूण.

हा सराव तुझ्या खऱ्या कामावरच कर, एवढा माझा हट्ट आहे. एकाग्रता वाढवणारे म्हणून जे खेळ फोनवर मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. एड्रियन ओवेन यांच्या गटाने २०१० साली ११,४३० लोकांवर हे तपासलं. सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळून लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, पण त्याचा फायदा दुसऱ्या कामांत, अगदी जवळच्या वाटणाऱ्या कामांतही, दिसला नाही. ज्याला पुस्तक वाचताना लक्ष हवं आहे त्याने पुस्तकच वाचावं.

दहा मिनिटं संपली की थांब. आणखी करावंसं वाटलं तरी पहिले दोन आठवडे थांबच. उद्या बसायची थोडी ओढ शिल्लक राहिली पाहिजे. नंतर एकेक करून मिनिटं वाढव. उत्साहात पहिल्याच दिवशी तीन तास बसणारी मुलं मी खूप पाहिली आहेत, आणि चौथ्या दिवशी ती दिसत नाहीत.

सवय जडायला एकवीस दिवस लागतात असं तू ऐकलं असशील. ते विसरून जा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग काढला, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ दिवस पुरतील असं दिसलं, तर कुणाला २५४ लागतील असं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती. एखाद दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नकोस, नेहमीची दहा मिनिटं बस.

दिवसाचा बाकीचा वेळही थोडा सांभाळावा लागेल. रांगेत उभं असताना, जिना चढताना, कुणाची वाट पाहताना लगेच फोन काढू नकोस. दर रिकाम्या क्षणी मनाला काहीतरी पुरवलं, तर अभ्यासाच्या टेबलावरही ते तेच मागणार. एका कामातून दुसऱ्यात उडी मारणंही कमी कर. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की अर्धवट टाकलेल्या कामात मनाचा एक भाग अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. म्हणून उठताना पुढची पायरी एका ओळीत लिहून मगच उठ. आणि झोप पुरी घे. झोपमोड झालेल्या माणसाला मी एकाग्रतेचा कुठलाच उपाय सांगत नाही.

हेही प्रेमाने सांगते. लहानपणापासून घरी, वर्गात, मित्रमंडळींत, सगळीकडेच लक्ष टिकत नसेल आणि त्याने जगणं अवघड होत असेल, तर डॉक्टरांना जरूर भेट. अशा वेळी सगळा भार इच्छाशक्तीवर टाकणं हा स्वतःवर अन्याय होतो.

महिनाभराने मला लिही. ठिपके किती पडले ते मला नको, कुठे पडले ते हवं. त्यासाठी ठिपक्याशेजारी पानाचा किंवा उदाहरणाचा आकडा टाकत जा. इतकी वर्षं मुलांना शिकवताना मी पाहत आले आहे, की ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात, ठरावीक जागी दाटतात. नीट पाहिलं तर तिथे एखादी व्याख्या कळलेली नसते, किंवा मागची एक पायरी सुटलेली असते. लक्ष उडालं असं आपण म्हणतो तिथे कितीतरी वेळा समज अडलेली असते, आणि न समजणाऱ्या ओळीवर कुणाचंच मन थांबत नाही. अशा जागा सापडल्या की त्या मला पाठव. त्यांच्यावर आपण दोघं मिळून बसू.

तुझी,
बाई